जिचं घर, तिनं पडायचं नाही

शनिवारी सकाळी दहा ते दुपारी दोन माझ्या लेकीचा डावा हात मशीनचा असायचा. दंडात दोन सुया, त्यांना दोन नळ्या. एकीतून रक्त बाहेर जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं. तेवढा वेळ तो हात हलवायचा नाही, अशी सिस्टरची सक्त ताकीद. मंगळवारी आणि गुरुवारी तिच्याजवळ जावई बसायचे, शनिवारी मी. लातूरहून पहिल्या एसटीनं निघायचं, नांदेडला उतरून रिक्षा करायची आणि तिच्या आधी दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसायचं. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळून तेव्हा सहा महिने झाले होते.

तिची मुलगी, म्हणजे माझी नात, बारावीच्या क्लाससाठी लातूरला माझ्याकडं राहत होती. तिच्याकडं हातात धरून गेम खेळायचं एक यंत्र होतं. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. बारावी होईस्तोवर मिळणार नाही, असं म्हणून लेकीनं ते काढून घेतलं, कपाटात ठेवलं आणि मग चार तास छताकडं बघून बेजार झाल्यावर गुपचूप पर्समध्ये घालून दवाखान्यात आणलं. मी आत गेले तेव्हा यंत्र उशीला टेकवलेलं होतं आणि बाई उजव्या अंगठ्यानं बटणं बडवून राहिल्या होत्या. पडद्यावर चिलखत घातलेला एक जण भिंतीला तलवार मारत होता.

"भिंतीनं काय केलं गं त्याचं?" मी विचारलं.

"काही न्हाई केलं. मारायची बटणं उजवीकडं, चालायचं बटण डावीकडं. डावा हात हा असा. आई, बरं झालं आलीस. हे धर. मी सांगीन तिकडं चालव."

"मला काय येतंय त्यातलं?"

"चालता येतं का न्हाई? तेवढंच करायचंय."

तर असे दोन महिने मी पाय झाले आणि ती हात. खेळ महाकठीण. पडक्या किल्ल्यांचं एक राज्य, जिकडंतिकडं हाडं खिळखिळी झालेले शिपाई, आणि दोन फटक्यांत माणूस खलास. मेलं की पुन्हा पहिल्यापासून. मी नातीला फोनवर विचारलं, जरा सोपं करायची काही सोय असेल ना त्यात? ती म्हणाली, "न्हाई आज्जी. सोपं होत न्हाई. तूच शिकायचं." शत्रू दिसला की माझा अंगठा आपोआप मागं ओढायचा, कारण समोरून कुणी मोठं माणूस आलं की पदर सावरून भिंतीकडं सरकायचं, एवढंच चालणं मला माहेरी शिकवलेलं. लेक तलवार उगारायची तोवर मी तिला जिन्याच्या खाली नेलेलं असायचं. कितीदा तर कड्यावरून ढकललं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे काका दर शनिवारी विचारायचे, "मायलेकी कुणाला मारून राहिल्या?" लेक म्हणायची, "अजून कुणालाच न्हाई, काका. आई मलाच मारून राहिली."

ती हसायची तेव्हा मशीनवरचा आकडा वरखाली व्हायचा आणि सिस्टर ओरडायची. तेवढ्यासाठी मी पुढच्या शनिवारी मुद्दाम कड्यावरून पडायचे.

ह्या सगळ्याच्या आत एक दुसरं भांडण चालू होतं. माझा आणि तिचा रक्तगट एक. जावयांचा जुळत नव्हता, तिला भाऊ-बहीण कुणी नाही. किडनी मिळण्याच्या यादीत नाव घातलेलं होतं, पण यादीला पाय नसतात, ती जागची हलत नाही. मी म्हणत होते, माझी एक किडनी घे. बासष्ट वर्षांची बाई मी, दोन दोन घेऊन काय करू? ती ऐकत नव्हती. तपासणीलासुद्धा येऊ देत नव्हती. विषय काढला की डोळे मिटून घ्यायची, आणि सुया टोचलेल्या माणसाशी भांडायचं तरी किती.

मग नातीनं तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर तोच खेळ टाकून मला माझा वेगळा गडी काढून दिला, म्हणजे लातुरातूनसुद्धा खेळता यावं. रविवारी लेकीचे दोन्ही हात मोकळे असत. त्या खेळात एकाच्या जगात दुसऱ्याला बोलावून घेता येतं. आपल्या जगात जमिनीवर खूण असते, ती दाबली की पाहुणा सोनेरी होऊन उभा राहतो. कानात फोनची वायर, तिकडं ती, इकडं मी.

आधी गडी घडवायचा. प्रत्येक पायरीला एक गुण मिळतो, तो ताकदीत घाला, चपळाईत घाला, श्रद्धेत घाला नाही तर जिवात घाला. मी प्रत्येक खान्यात एकेक घालत गेले. पंगतीत कुणाच्या पानात जास्त पडू नये तसं.

नातीनं बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आज्जी, हे काय करून ठेवलंस? हा कशातच कामाचा न्हाई."

"सगळ्यांना सारखं दिलंय."

"गुण हायत ते, नातवंडं न्हाईत! एका कशात तरी घाल सगळे."

मग पुढचे सगळे मी श्रद्धेत घातले. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आजवर चहा घेतला नाही मी. दुसरं काय निवडणार? श्रद्धा वाढली की एक मंत्र मिळतो. जमिनीवर गुडघा टेकून तो म्हटला की जवळ उभ्या असलेल्या सोबत्याची जखम भरते. मंत्र मिळाला त्या दिवशी मी नातीला शिरा करून घातला.

त्याचं कारण होतं. पाहुण्याला औषधाच्या कुप्या निम्म्याच मिळतात, असा त्या खेळाचा नियम. मला तो वाचून संताप आला. लेक माझ्या जगात आली म्हणजे माहेराला आली. माहेरवाशिणीला निम्मं वाढायचं? तिनं काम करायचं, पुढं होऊन मार खायचा आणि मी बघत बसायचं? आमच्याकडं लेक चार दिवसांसाठी आली की तिला ताटसुद्धा उचलू देत नाहीत. तेव्हा मी तसंच खेळायला लागले. मी पुढं, ती मागं. तिला एवढंसं लागलं की मी मधोमध गुडघे टेकून मंत्र म्हणायला बसायचे.

तिथंच आत्याबाईनं मला गाठलं. आत्याबाई हे आमचं नाव. एका पडक्या महालाच्या चौकात बसलेली म्हातारी राणी होती, दोन्ही हातांत दोन लांब काठ्या, आणि उठताना असा उसासा टाकायची की मला थेट सासूबाई आठवल्या. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायचे. तिच्या गुडघ्यावर माझा पहिला वार बसला तेव्हा मला जेवढा व्हायला हवा त्याहून बराच जास्त आनंद झाला, हे इथं कबूल करते. पण तिला आम्ही पाडू शकत नव्हतो. मी मंत्र म्हणायला वाकले की ती नेमकी काठी घालायची आणि मी आडवी. आणि जिचं जग ती आडवी झाली की पाहुण्याला त्याच क्षणी बाहेर काढतात. लेकीच्या अंगावर ओरखडा नाही, औषध भरलेलं, तलवार उगारलेली, आणि अशी धडधाकट ती हवेत विरून जायची.

एकोणीस वेळा की वीस, आठवत नाही.

शेवटी लेक फोनवर कडाडली. "आई, तू पडलीस की मला हाकलून देतात! कळून राहिलं का तुला? मला काय झालं ते बघू नको. मी मेले तरी तुझं चालू राहतं. तू मेलीस की दोघींचं संपतं."

"मग तुला लागताना बघत बसू?"

"हाव. बघत बस."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच मी तुझी किडनी घेत न्हाई."

मी लहानपणापासून चिवट. कुणी दार लावलं की खिडकी बघणारी. मी म्हटलं, "पैज लाव. आत्याबाईला पाडलं तर तू मला तपासणीला नेशील."

"तुझ्या जगात. मी पाहुणी. आणि तू एकदाही पडायचं न्हाई."

"कबूल."

"तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई, आई," ती हसून म्हणाली. बिनफिकीर होऊन म्हणाली, म्हणून मला आणखी चेव आला.

त्या खेळात एक दयेची गोष्ट आहे. एका तळ्याकाठी आंधळी बाई बसते, तिला एक दुर्मीळ फळ नेऊन दिलं की ती तुमचे सगळे गुण काढून परत ओंजळीत देते. पुन्हा वाटा, नव्यानं. नातीनं अभ्यास सोडून दोन दिवस ते फळ शोधलं, आणि मी तिला अभ्यासाचं एका शब्दानं बोलले नाही, असली आजी मी. गुण परत मिळाले. श्रद्धेतले जवळजवळ सगळे काढले. मंत्र गेला. जिवात घातले, उरलेले ढाल पेलण्यापुरत्या ताकदीत घातले.

"स्वतःच्या जिवात घालताना कसं वाटलं?" नातीनं विचारलं.

"चोरून खाल्ल्यासारखं."

महिनाभर मी मागं राहायला शिकले. मागं राहून, ढाल धरून, लेकीच्या डोक्यावरची लाल पट्टी आखूड होताना बघत राहणं. बोट मंत्राच्या बटणाकडं जायचं, तिथं आता काही नव्हतं. तिला काठी लागली की ती "हं" करायची, लहानपणी इंजेक्शन घेताना करायची तसं. मी ढालीच्या मागून एक वार करायचा आणि परत मागं.

मार्गशीर्षातला रविवार होता. सकाळचं ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून नातीनं खिडकीला टॉवेल लावला होता. आत्याबाई अर्ध्यावर आली, पाव राहिली. तेवढ्यात तिनं दोन्ही काठ्या एकदम फिरवल्या आणि लेक पडली. सोनेरी अंग फुटून धूळ झालं. मी वळले. कुठं वळले, कशासाठी, ती तर नव्हतीच तिथं.

कानात लेक ओरडली, "मागं फिरू नको! मार, आई! मार!"

मी मारलं. किती मारलं, ढाल कधी टाकून दिली, मला सांगता येणार नाही. म्हातारी गुडघ्यावर आली, मग पालथी पडली, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली. नात खुर्चीवर उभी राहून नाचत होती. चौकात मी एकटी उभी होते. माउस खाली पडला होता. फोनवर लेक रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

"जिंकलीस, आई," ती म्हणाली. "चल."

मोठ्या दवाखान्यात आठ दिवस तपासण्या चालल्या. रक्त जुळलं. पुढचंही एक जुळलं, तेव्हा मी जावयांना हळूच पेढे आणायला सांगितले. लेकीनं एकदा माझ्या पोटाकडं बघितलं. तिथं तिचं काहीतरी ठेवलेलं असावं तसं. एवढ्या महिन्यांत मी तिच्या तोंडावर तसलं काही बघितलं नव्हतं.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. तिशीतली पोर, आवाज गोड.

"मावशी, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

आता इथं मला त्या दुसऱ्या बाईबद्दल सांगायला पाहिजे. तेविशीची मी, चोवीसची मी, चाळिशीची मी. शिरूर अनंतपाळची पोर लातूरच्या भुसार दुकानवाल्यांच्या घरात दिली. चौदा माणसांचं रांधणं. कंबर धरायची तर एका जावेनं पिवळी गोळी दिली. ती घेतली की दुपारपर्यंत कंबर कुणाची आहे ते कळायचं नाही. मग रोजचीच झाली. सणाला दोन. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात पुन्हा चुलीपुढं, गोळी गिळून. कुणी म्हणालं, वयनी थकतच न्हाईत, की ही बया फुगून भाकरीएवढी व्हायची. आणखी दोन पायली दळायची. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, म्हणून घागरीतलं पाणी माणसांनी प्यावं, आपण आपलं ओठ ओले करावेत. लग्नाकार्याला एसटीनं जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद, वाटेत बायकांनी जायचं कुठं? ब्लडप्रेशर निघालं तर ते चार वर्षं घरात सांगितलं नाही, मोठं कौतुकाचं काम केल्यासारखं. मला ती आज भेटली असती तर मी तिच्या पाठीत लाटणं घातलं असतं. कुणी बक्षीस दिलं गं तुला? कुणाला दाखवत होतीस? चौदा जणांतल्या किती जणांना तुझी कंबर आठवते?

"जवळजवळ चाळीस वर्षं," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. "रोज एक. कधी दोन."

त्यांनी कागद माझ्याकडं वळवला, जणू मला ते आकडे वाचता येणार होते. "मावशी, तुमच्या दोन्ही किडन्या मिळूनसुद्धा तुमचंच काम कसंबसं होतंय. एक काढली तर तुम्हालाच मशीन लागेल. नाही घेता येणार."

मी म्हटलं, "थोडी बरी करून घ्या. गोळ्या आजपासून बंद करते. महिनाभरानं बघा."

त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, "मग दोन्ही घ्या. दोन मिळून तिची एक होईल का?"

त्या पोरीनं चष्मा काढला आणि पुसत बसली. मला तिची दया आली. कागद घेऊन बाहेर आले.

लेक बाकड्यावर बसली होती. मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. पुढचं रक्त जुळलं नाही, देवाची मर्जी, असं काहीतरी. पण माझा चेहरा बघून तिनं हातातला कागद काढून घेतला, आणि तिला आता ते आकडे वाचता येत होते. सगळा वाचला. मग घडी घातली.

आणि तिचा चेहरा सैल झाला. मी बघितलं ते. खांदे खाली आले. महिनोन् महिने जी गोष्ट ती डोक्यावर धरून उभी होती, ती कुणीतरी उतरवून घेतल्यासारखी. जावयांना ती म्हणाली, "भूक लागली. काहीतरी खाऊ." दवाखान्यासमोरच्या टपरीवर तिनं पोहे घेतले आणि अख्खी बशी संपवली. मी समोर बसून तिचं चावणं बघत होते आणि मला एवढा राग आला होता, एवढा राग, की माझी लेक सुटल्यासारखी जेवत होती. तिला कितीदा तरी जेव म्हटलं होतं मी.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी पोटात होते तेव्हा पण घ्यायचीस का गोळ्या?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "तेव्हा न्हाई." हे खरं आहे. त्या नऊ महिन्यांत कंबर दुखली की मी भिंतीला टेकून उभी राहायचे. एवढं एकच त्या बयेनं शहाण्यासारखं केलं.

लेकीनं मान डोलावली. पुन्हा पोहे खायला लागली.

ह्याला आता सव्वा वर्ष झालं. तिचं मशीन चालूच आहे, मंगळवार, गुरुवार, शनिवार. पायाला गोळे येतात, रंग काळवंडलाय. यादीतून फोन आलेला नाही. मधल्या काळात एकदा तिचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं, तेव्हा जावयांनी मला संध्याकाळी कळवलं, ती शुद्धीवर आल्यावर. तिनंच बजावलं होतं म्हणे, आईला आधी सांगू नका. मीही आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेते. गोळ्या बंद, म्हणून गुडघे बोंबलतात. मागच्या महिन्यात माझा किडनीचा आकडा आणखी बिघडलेला निघाला. तो कागद मी तांदळाच्या डब्याखाली सारला होता. बारावीनंतर इथंच कॉलेजला राहिलेल्या नातीनं तो शोधून फोटो काढला आणि आईला पाठवला.

दहा मिनिटांत लेकीचा व्हिडिओ कॉल. मला वाटलं, आता शिव्या.

ती अंथरुणावर उठून बसली होती. माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरनी पाणी किती सांगितलंय तुला?"

"अडीच-तीन लिटर."

"आज किती झालं?"

मी उगीच मागं भिंतीकडं बघितलं.

"आण," ती म्हणाली. "माझ्यासमोर पी."

तिला स्वतःला दिवसाला तीनच पेल्यांची मुभा. चहा, वरण, औषधाबरोबरचं घोटभर, सगळं धरून. उन्हाळ्यात ती ओठांना बर्फाचा खडा लावून बसते, आणि तो खडासुद्धा मोजणीत धरते. ती आजारी पडल्यापासून मी तिच्यासमोर कधी पाणी प्यायले नव्हते. दवाखान्यात तहान लागली तर जिन्याखाली जाऊन पिऊन यायचे.

"नंतर पिते की," मी म्हटलं. "तू झोप."

"आई."

नातीनं तांब्या भरून आणला, पेला ठेवला आणि फोन दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरून उभी राहिली.

मी पहिला पेला प्यायले. लेक बघत होती. तिचा गळा माझ्याबरोबर हलला, तिला ते कळलं नसावं.

"अजून एक," ती म्हणाली.